बनला तर हुंबा, नाहीतर परभणी

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात कुणी परदेशी पदार्थ घरी करायचं नुसतं नाव काढलं, की समोरून येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ते इथं कुठं मिळायलंय?" बोलणाऱ्याला पदार्थाचं नाव नीट ऐकू आलेलं नसतं, त्यात काय पडतं हे ठाऊक नसतं आणि मिळतं की नाही हे बघायला तो जिंतूरपर्यंतसुद्धा गेलेला नसतो. तरी न मिळण्याबद्दल त्याची खात्री पक्की असते. उदाहरणाला हुंबा घेऊ. फिलिपीन्सच्या सेबू-लेते बाजूच्या बेटांवर सणावाराला, गावजेवणाला होणारा हा पदार्थ. चीनच्या फुजियान प्रांतातून व्यापाराला गेलेल्या मंडळींनी तो तिकडे नेला; मनिलामधली त्यांची बिनोंदो ही वस्ती १५९४ सालची. डुकराचं चरबी-कातडीसकट मांस, सोया सॉस, व्हिनेगर, गुळासारखी तांबूस साखर, लसूण, मिरे, तमालपत्र, चक्रीफूल, खारवून आंबवलेलं काळं सोयाबीन, वाळवलेलं केळफूल आणि काही घरांत मूठभर शेंगदाणे, असं सगळं एका पातेल्यात घालून दीड-दोन तास मंद आचेवर ठेवायचं. कृती एवढीच. आता माझं म्हणणं असं, की चारठाण्यात हा पदार्थ फसतो तो सामान मिळत नाही म्हणून नव्हे. पातेलं चुलीवर ठेवून त्याच्यापासून चार हात लांब बसणं आपल्याला जमत नाही, म्हणून तो फसतो. स्वयंपाकावर लेख लिहिणारा माणूस हा स्वयंपाकघरातला सर्वांत निरुपयोगी प्राणी असतो, हे आधीच मान्य करून पुरावे मांडतो.

सामानाची यादी पुन्हा एकदा वाचा. मिरे, तमालपत्र, चक्रीफूल हे तिघं काळ्या मसाल्याच्या डब्यात दगडफुलाच्या शेजारी वर्षानुवर्षं पडून आहेत. गूळ, लसूण आणि शेंगदाणा नाही असं घर आपल्या भागात दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. केळफुलाची भाजी वर्षातून एकदा तरी होतेच, आणि ती निवडून हात काळे करून घेणाऱ्या बाईला हुंब्यातलं वाळवलेलं केळफूल ही चैन वाटेल. हे पदार्थ मूळचे आपले नव्हेत, अशी शंका काढणाऱ्यांनी एकादशीचं ताट समोर घ्यावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, हिरवी मिरची आणि शेंगदाणा हे चौघंही अमेरिका खंडातून आलेले. पांडुरंगाने कुणाचा पासपोर्ट तपासला नाही. तिकडे अकापुल्को ते मनिला अशी स्पॅनिश जहाजं १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, अमेरिकेतला हाच माल फिलिपीन्समध्ये उतरवत होती. आपल्या उपवासाचा आणि त्यांच्या मेजवानीचा पुरवठादार एकच निघाल्यावर परकेपणाचा मुद्दा निकालात निघायला हवा होता. पण आपल्याकडे मुद्दा निकालात निघाला तरी माणूस निघत नाही. तो म्हणतो, "बरं, आणि ते सोयाचं?"

सोयाचं काय विचारता! पावसाळ्यात चारठाण्याच्या फाट्यावर उभं राहून नजर टाकावी तिकडे सोयाबीन. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं आणि त्याने एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ असे वाण एकामागून एक दिले. इथल्या शेतकऱ्याला हे आकडे लेकरांच्या जन्मतारखांपेक्षा जास्त पाठ असतात. विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालयही आहे. इतकं असून घरातल्या ताटात सोयाबीन शोधायला गेलं तर हाती काय लागतं? फोडणीचं तेल, नाहीतर वडीची भाजी, आणि तीही 'मटणासारखी लागते' या आश्वासनावर वाढलेली. पोतं जातं मोंढ्यात, मोंढ्यातून तेलगिरणीत, तेल निघाल्यावर पेंडीतला काही वाटा जातो परदेशी. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तो मिळाला का, हे विचारून कुणाचा रविवार नासवणार नाही. तर ज्या गावाच्या चारी बाजूंना सोयाबीन, त्या गावात सोया सॉसची बाटली म्हणजे परदेशी वस्तू. दुकानदाराला मागितली की तो ती वरच्या फळीवरून फुंकर मारून काढतो आणि गिऱ्हाईकाकडे जरा काळजीने बघत विचारतो, "घरी सगळं बरंय ना?" म्हणजे बाटली मिळते. मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी मागितलेलीच नसते. ज्याला हेही पटत नसेल त्याने तालुक्याच्या गावातली कुठलीही चायनीजची गाडी आठवावी. मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत रचला असं मानलं जातं. चीनमध्ये त्याला कुणी ओळखत नाही, पण मराठवाड्यात तो वरातीपासून यात्रेपर्यंत सगळीकडे हजर असतो. त्या गाडीवर सोया सॉस आणि व्हिनेगर यांच्या बाटल्या झाकणाला भोक पाडून बारा महिने उभ्या असतात. गाडीवर उभं राहून दोन प्लेटी संपवणारा माणूसच घरी त्याच बाटलीचा वास घेऊन म्हणतो, "हे लेकरांना चालतंय का पण?"

आता खरा आक्षेप. लोक तो मोठ्याने घेत नाहीत, खाली बघून घेतात : डुकराचं मांस. "आपल्याकडे हे नाही चालत" या वाक्यातलं 'आपल्याकडे' नेमकं कुठून कुठपर्यंत, हे विचारलं की सगळ्यांना कामं आठवतात. मुसलमान घरात ते धर्माने वर्ज्य आहे, नेमगिरीची लेणी उशाला असलेल्या जैन घरात मांसच वर्ज्य आहे. दोन्ही आक्षेप सरळ आणि मानावेत असे आहेत. उरलेल्यांचा आक्षेप मात्र संस्कृतीच्या नावाने येतो, म्हणून संस्कृतीचाच कागद काढावा लागतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, राज्यकाळ ११२६ ते ११३८. राजधानी आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून, आणि मराठवाडा त्याच्याच राज्यात. राजचिन्हावर वराह. या राजाने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्याच्या 'अन्नभोग' या प्रकरणात डुकराचं मांस कसं करावं हे सविस्तर सांगितलं : अंगावर पांढरं कापड टाकून त्यावर उकळतं पाणी ओतावं, केस हाताने उपटून येतात, मग भाजावं, कापावं, वगैरे. त्याच प्रकरणात नदीकाठचे उंदीर तळण्याचीही सोय आहे. तिथवर जायचा माझा आग्रह नाही. गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात ही सुप्रसिद्ध नोंदही याच ग्रंथातली. मराठीच्या प्राध्यापकांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वीची ती ओवी उचलून छातीशी धरली आणि त्याच पुस्तकातलं डुक्कर गुपचूप फडताळात ठेवून दिलं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून हा ग्रंथ १९२५ पासून छापून बाहेर पडलेला आहे. तेव्हा 'माहीत नव्हतं' हेही कारण चालायचं नाही.

आणि राजाकडे तरी कशाला जायचं? गावातल्या ज्या घरांत हे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं, तिथे जाऊन "काकू, तुम्ही कसं करता?" असं विचारायला कोण गेलं? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं आणि मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं पहिल्यांदा एवढ्या तपशिलाने पुस्तकात बसलं. त्याआधीची आपली पाकपुस्तकं उघडली तर वाटावं, की गोदावरीच्या खोऱ्यात हजार वर्षं फक्त अळूवड्या होत होत्या. फिलिपिनो बाईची कृती मोबाइलवर उघडून, तिची भाषा कळत नसताना, ती तीनदा थांबवून बघायची तयारी आहे. चार गल्ल्या ओलांडून जायची नाही. या मुद्द्यावर समोरचा गडी घसा साफ करून म्हणतो, "ते सोडा, मटणाचं करून बघू." ही माघार आहे, पण मान्य करण्यासारखी आहे.

यावर शुद्धतावादी उठतात. असे एकदोन प्रत्येक गावात असतात आणि त्यांनी मूळ पदार्थ कधीच खाल्लेला नसतो. ते म्हणतात, मटणाचा हुंबा हा हुंबाच नव्हे. पण चीनमधले हुई मुसलमान हाच सोया-साखरेचा तांबडा प्रकार मेंढीच्या नाहीतर गाईच्या मांसाचा करतात आणि त्यांना चिनी लोक चिनीच समजतात. गोव्याचा विंदालू मुळात पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या डुकराचा; तो गोव्याबाहेर पडला आणि बोकडाचा झाला, कोंबडीचा झाला, तरी नाव तेच राहिलं. खुद्द फिलिपीन्समध्ये अडोबो हा हुंब्याचा चुलतभाऊ कोंबडीचाही होतो आणि नुसत्या पालेभाजीचाही होतो. मांस बदललं की पदार्थ बुडत नाही. बोकडाला डुकराची कातडी आणि चरबी नाही हे खरं, पण खाटकाला "भाऊ, चरबीचं अन् नळीचं जास्त घाला" असं सांगितलं तर तो आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाकडे प्रेमाने बघतो. एरवी त्याच चरबीवरून त्याची रोज भांडणं होत असतात.

गोडाचा आक्षेप त्याहून जोरात येतो. "मटणात गूळ?" हे दोन शब्द मराठवाड्यात ज्या सुरात उच्चारले जातात, त्या सुरात फक्त पोलिस पाटील बोलतात. पण विचार करा. आमटीत आपण चिंच घालतो आणि चिंच घातली म्हणून गूळ घालतो. गूळ जास्त झाला म्हणून तिखट घालतो, तिखट लागलं म्हणून पुन्हा गूळ. कटाच्या आमटीला तर पुरणाचंच पाणी. हुंब्यात व्हिनेगरचा आंबटपणा, साखरेचा गोडवा आणि सोयाचा खारटपणा एकमेकांना असेच धरून असतात. हुंबा म्हणजे माळ तोडलेली आमटी, इतकं साधं आहे ते. हे ऐकून आक्षेप घेणारा गप्प होतो, पण पटल्यामुळे नव्हे. आमटीला असं बोललेलं त्याला सहन झालेलं नसतं.

इथपर्यंत सामानाचे, धर्माचे आणि चवीचे आक्षेप संपले. उरला वेळाचा. "दोन तास कोण शिजवत बसणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे पारावर बसून पाहण्यासारखं असतं, पण व्यक्तिगत व्हायला नको. मंद आच आपल्याला नवी नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर दुधाचं भांडं दिवसभर ठेवून त्यावर तांबूस जाड साय आणणाऱ्या आज्या याच भागातल्या. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि रात्रभर शिजणारी नहारी नि पाया ही त्या राज्याची देणगी आजही पहाटे वाडग्यातून मिळते. मांसातला चिवट भाग सावकाश विरघळून रस्सा ओठाला चिकटण्याइतका दाट होतो, हे तिथला भटारी पुस्तक न वाचता जाणतो. चीनचा सु तुंगपो हा थोर कवी १०८० साली राजाच्या रागापायी हद्दपार झाला. त्या दिवसांत त्याने डुकराचं मांस थोड्या पाण्यात, बारीक विस्तवावर, घाई न करता कसं शिजवावं यावर कविता केली, आणि आजही एका पदार्थाला त्याचं नाव आहे. देवगिरीवर यादव यायला आणि चारठाण्याची दगडी मंदिरं, तो एकटा उभा कोरीव स्तंभ घडायला तेव्हा अजून अवकाश होता. हद्दपार कवीला जमलं ते बिनकामाच्या गावकऱ्याला जमू नये?

जमत नाही, कारण मध्ये कुकर येतो. मराठी घरात वेळ मोजायचं माप तास नाही, शिट्टी आहे. कृतीत 'नव्वद मिनिटं' असं आलं की पहिला प्रश्न : "म्हणजे किती शिट्ट्या?" तांदळाच्या तीन, तुरीच्या चार, मटणाच्या सहा, हे पंचांग घराघरात तोंडपाठ आहे आणि फिलिपीन्सचं पान त्यात नाही. मग कुणीतरी अधिकारवाणीने "आठ करा" म्हणतं. कुकरमध्ये आतली उष्णता एकशेवीस अंशांपर्यंत जाते, मांस शिजतं, हे बरोबर. पण झाकण बंद असल्यामुळे पाणी जागचं हलत नाही. हुंब्याचा सगळा जीव त्या आटण्यात असतो : रस्सा आटून, साखर-सोयाचा तांबूस थर होऊन मांसाला लपेटला पाहिजे. कुकर उघडला की वर काळं पाणी, मध्ये चिंध्या झालेलं मांस आणि तळाला करपलेला गूळ. शिवाय सोया सॉस मुळातच खारट, तरीही सवयीचा हात मिठाच्या बरणीत जातोच, आणि मागून येणारी सासू "मीठ घातलं का गं?" असं विचारून उत्तराची वाट न बघता आणखी चिमूटभर टाकते. चुलीवर केलं तर तुराट्या भडकन पेटून भडकन विझतात, पऱ्हाट्यांचंही तेच. बाभळीचे निखारे किंवा गोवऱ्या असल्या तर आच हवी तशी मिळते, पण गोवऱ्या आणायला सांगितलं की घरातला तरुण गडी म्हणतो, "गॅस असताना?" आणि मोबाइलवर हुंब्याचा व्हिडिओ पुढे बघू लागतो.

एवढं सगळं पार पडून पातेलं मंद आचेवर बसलं, तर पुढचा नियम जगातल्या सर्व नियमांत मराठी माणसाला अवघड. फिलिपिनो घरांत असा संकेत आहे, की व्हिनेगर ओतल्यावर त्याला चांगली उकळी फुटून कच्चा आंबट वास उडून जाईपर्यंत पातेलं ढवळायचं नाही. नुसतं बघायचं. आमच्याकडे पळी हातात असताना नुसतं बघणं हा गुन्हा आहे. "तळाला लागेल ना" ही भीती आईच्या दुधातून येते. हौशी नवऱ्याने रविवारी हा घाट घातलेला असला तर प्रकरण आणखी रंगतं, कारण पुरुष स्वयंपाक करतो तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं वापरतो आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला सल्ला देतं. बायको येऊन एकदा ढवळून जाते. आई येऊन "बघू" म्हणून झाकण काढते, वाफ चेहऱ्यावर घेते, खोकते आणि दोनदा ढवळते. पाणी प्यायला आलेलं पोरगं ढवळतं. ओट्याच्या खिडकीतून शेजारच्या मावशी विचारतात, "काय शिजवायलाव बाप्पा? वास तर लई यायलाय."

"फिलिपीन्सचं आहे, मावशी."

"असू दे की. कोथिंबीर घातली का?"

या संभाषणात सगळा पुरावा आला. मावशींनी पदार्थ पाहिलेला नाही, देश ऐकलेला नाही, पण उणीव अचूक ओळखली. ऐकणार तरी कुठून? मनिला हे नाव मराठी वर्तमानपत्रांत येतं ते मॅगसेसे पुरस्काराच्या बातमीत. १९५८ साली, पहिल्याच वर्षी, विनोबा भावे. १९७९ मध्ये जामखेडचं आरोळे दांपत्य. १९८५ मध्ये बाबा आमटे. अशा मंडळींकडून डुकराच्या मांसाची कृती मागवणं बरं दिसलं नसतं, त्यामुळे तो मार्ग बंद होता. आता दावाओसारख्या शहरात महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला जातात, त्यांनी हा दुवा जोडायला हरकत नाही, पण त्यांच्या घरून येणारा फोन "तिकडं तुरीची डाळ मिळायलीय का?" इथे सुरू होतो आणि "काळा मसाला पाठवू का?" इथे संपतो.

काळा मसाला हा शेवटचा मुद्दा, आणि इथे मात्र माझ्या युक्तिवादाला थोडं वाकावं लागतं. दीड तास झाला, रस्सा आटत आला, तांबूस चकाकी धरू लागली की घरातली सर्वांत ज्येष्ठ बाई एक थेंब तळहातावर घेऊन चाटते. चेहरा हलत नाही. मग ती काही न बोलता डबा उघडते. एक चमचा काळा मसाला, वर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि "जरा रस्सा नको का भाकरीला?" म्हणत तांब्याभर गरम पाणी. दीड तासाचं आटणं दोन सेकंदांत भरून निघतं. हे चूक आहे असं म्हणायला जीभ उचलते, पण भाताऐवजी परभणी मोती ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाला दाट चिकट लेप अपुरा पडतो, हा तिचा मुद्दा खोडता येत नाही. भाकरी कुस्करायला पाणी लागतंच.

मग पंगत बसते. ज्या घरी हुंबा खरोखर हुंब्यासारखा झाला, तिथे पाहुणा दोन घास खाऊन विनयाने म्हणतो, "चांगलंय. वेगळं आहे जरा," आणि लोणचं मागतो. ज्या घरी वर सांगितलेला अपघात झाला, तिथे तोच पाहुणा तिसरी भाकरी मागून घेतो, कांदा बुक्कीने फोडतो, ताटली कलती करून रस्सा ओरपतो आणि घाम पुसत जाहीर करतो, "एक नंबर! परदेशी आहे असं वाटतसुद्धा नाही." यजमान खूश. निघताना पाहुणा दारात चप्पल शोधत वळून सांगतो, "पुढच्या रविवारी परत होऊ द्या. तेवढं ते सोयाचं अन् गोडाचं घालू नका, बस्स."